पॉलिगॉनवरचे यूएसडीसी आर्बिट्रमवर न्यायचा सोपा मार्ग कोणता?

पॉलिगॉन आणि आर्बिट्रम या दोन वेगळ्या ब्लॉकचेन, यूएसडीसी हे डॉलरच्या भावाचं डिजिटल नाणं, आणि एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणारी सेवा म्हणजे ब्रिज. तुम्ही लिहिलंय की असे दहा-बारा ब्रिज दिसतात आणि त्यातला सोपा कुठला ते कळत नाही. बटणं किती दाबावी लागतात यावरून ठरवू नका. मधल्या वेळात पैसा कोणाच्या ताब्यात असतो आणि पलीकडे तुमच्या हातात नेमकं काय पडतं, एवढं आधी बघा.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे मला हे गुळावरून उमगलं. समजा मार्केट यार्डाजवळच्या गोदामात तुम्ही शंभर रवे ठेवले आणि पावती घेतली. ती पावती बाजारात हातोहात फिरेल, पण गोदाम लुटलं गेलं की तिची रद्दी. बरेच जुने ब्रिज असेच आहेत: इकडे नाणं कुलपात, तिकडे त्याची पावती. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजवर पैसे सोडायला मंजुरी देणाऱ्या नऊपैकी पाच डिजिटल किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरहून जास्त ऐवज गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत वर्महोल या दुसऱ्या ब्रिजवर वेगळंच घडलं. सही तपासणाऱ्या कोडमध्ये चूक होती, त्यामुळे गोदामात काहीही न ठेवता १ लाख २० हजार ईथरच्या (इथेरियम ब्लॉकचेनच्या नाण्याच्या) पावत्या फाडल्या गेल्या. तो खड्डा वर्महोलशी जोडलेल्या जंप क्रिप्टो या कंपनीने भरून दिला, म्हणून लोक वाचले.

दुसरा प्रकार हुंडीचा. हुपरीच्या चांदीवाल्याने इथल्या पेढीवर पैसे भरायचे, आग्र्याची पेढी आपल्या गल्ल्यातून देणार, पेढ्यांचा आपसातला हिशोब मागाहून. अक्रॉस नावाचा ब्रिज असाच चालतो. तिकडचा रिलेयर, म्हणजे पेढीसारखा मध्यस्थ, स्वतःच्या खिशातून बहुतेक वेळा काही सेकंदांत पैसे देतो आणि नंतर आपले वसूल करतो. मुदतीत कोणीच दिले नाहीत तर तुमचे परत येतात. ‘मला काय हवंय’ एवढंच सांगायचं, कसं ते दुसऱ्याने बघायचं, हीच कल्पना सगळीकडे एकसारखी चालावी म्हणून २०२४ मध्ये युनिस्वॅप लॅब्स (क्रिप्टो नाण्यांच्या अदलाबदलीचा मंच बनवणारी कंपनी) आणि अक्रॉसने ईआरसी-७६८३ हा सामायिक मानकाचा प्रस्ताव मांडला.

तुमच्याकडे यूएसडीसीच आहेत, म्हणून मला तिसरा मार्ग जास्त पटतो. ही नाणी काढणारी सर्कल कंपनीच २०२३ पासून सीसीटीपी ही यूएसडीसी एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर नेण्याची सोय चालवते. पॉलिगॉनवर नाणी जाळली जातात, सर्कल तसा दाखला देते, आणि आर्बिट्रमवर तेवढीच नवी निघतात. मध्ये गोदामच नाही. विश्वास फक्त सर्कलवर ठेवायचा, आणि यूएसडीसी बाळगता म्हणजे तो तुम्ही आधीच ठेवलाय.

आता फीबद्दल, कारण मी यातच अडकलो होतो. पहिल्यांदा माझे पैसे आर्बिट्रमवर सुखरूप पोचले, पण तिथली फी ईथरमध्ये भरावी लागते आणि माझ्याकडे ईथर काहीच नव्हतं. दोन दिवस पैसे नुसते दिसत होते, हलवता येत नव्हते. मित्राने थोडं ईथर पाठवलं तेव्हा सुटलो. तुम्ही थोडं ईथर आधीच तिकडे पाठवून ठेवा. इकडून निघताना पॉलिगॉनची फी तिच्या स्वतःच्या पीओएल या नाण्यात लागेल, तेही शिल्लक असू द्या. आणि आधी दहा डॉलर पाठवून बघा, मग बाकीचे.

एक गोष्ट आजच तपासा. पॉलिगॉनवर यूएसडीसी आणि यूएसडीसी.ई अशी दोन वेगळी नाणी आहेत. यातलं यूएसडीसी.ई ही जुन्या ब्रिजची पावती आहे, ती सीसीटीपीतून जात नाही, आधी खऱ्या यूएसडीसीत बदलावी लागते. तुमच्या नाण्याचा काँट्रॅक्ट पत्ता (ब्लॉकचेनवरची त्याची ओळख) सर्कलच्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडून बघा आणि कोणतं निघालं ते इथे खाली लिहा, मग पुढचं सांगतो.