मृगाआधीचा भंडारदरा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मे महिन्याच्या उत्तरार्धात कळसूबाई, रतनगड आणि भंडारदरा या अकोले तालुक्यातील परिसरात जाण्याविषयी अनेक वाचकांनी विचारणा केली आहे. त्यांपैकी काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : काजवे पाहण्यासाठी आम्ही दोन लहान मुले आणि वृद्ध आई यांच्यासह भंडारदऱ्याला जाऊ इच्छितो. नेमके केव्हा जावे आणि आईला चालावे न लागता ते दिसतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत योग्य असतो. वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या, हवेत दमटपणा आला आणि वारा पडलेला असला की काजव्यांची संख्या वाढते; मोठा पाऊस सुरू झाला की ती झपाट्याने ओसरते. त्यातही अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात, कारण चांदण्यात त्यांचा प्रकाश फिका पडतो. रतनवाडी, घाटघर आणि पांजरे या बाजूच्या रस्त्यालगत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी मोठी झाडे आहेत. अंधार पडल्यावर त्यांपैकी एखादे संपूर्ण झाड एका लयीत उजळते आणि विझते. हे दृश्य रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसूनही उत्तम दिसते, त्यामुळे आपल्या आईंना जंगलात चालत जाण्याची आवश्यकता नाही.

माझा आग्रह मात्र एका गोष्टीसाठी आहे. आपल्याला जे सौंदर्य म्हणून दिसते तो काजव्यांचा परस्परांशी चाललेला संवाद असतो. नर लुकलुकत उडतो, गवतात किंवा पानावर बसलेली मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते आणि त्यातून त्यांचे मीलन होते. अळीच्या अवस्थेत कित्येक महिने पालापाचोळ्यात राहून, गोगलगायींसारखे मृदुकाय जीव खाऊन वाढलेल्या या कीटकाला प्रौढ अवस्थेत जेमतेम दोनतीन आठवडे मिळतात. त्या मोजक्या रात्रींत गाडीचे प्रखर दिवे, मोबाइलचा उजेड आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश यांमुळे नराला मादीचा इशारा दिसतच नाही. म्हणून थांबल्यावर गाडीचे सर्व दिवे बंद करावेत, विजेरी लागलीच तर तिच्यावर लाल कागद बांधून ती जमिनीकडे धरावी आणि झाडाखालच्या पाचोळ्यात शिरू नये. मुलांना काजवे बाटलीत भरू देऊ नका. दहा मिनिटे पूर्ण अंधारात बसवलेत, तर त्यांचे डोळे सरावतील आणि त्यांना आपोआपच अधिक दिसू लागेल. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. काजव्यांच्या हंगामात वन विभाग प्रवेश, वाहने आणि वेळ यांबाबत निर्बंध घालतो आणि ते बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांची चौकशी अवश्य करावी.

प्रश्न : मेअखेरीस कळसूबाई चढणे योग्य आहे का? वर पाणी मिळेल का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : चढता येते, परंतु वेळ पाळली तरच. 1646 मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे. बारी गावातून जाणाऱ्या वाटेवर सावली विरळ आहे आणि अवघड टप्प्यांवरच्या लोखंडी शिड्या दुपारी हाताला चटका देण्याइतक्या तापतात. पहाटेच्या अंधारात निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी उतरणीला लागावे. पाणी प्रत्येकी चार लिटर सोबत घ्यावे, कारण या दिवसांत वाटेवरच्या पाण्यावर विसंबून राहता येत नाही.

दुसरा धोका दुपारनंतरच्या वळवाचा आहे. सकाळी निरभ्र असलेले आकाश तिसऱ्या प्रहरी भरून येते आणि पावसाआधी विजा सुरू होतात. उघडे शिखर, लोखंडी शिडी आणि एकटे झाड ही तिन्ही ठिकाणे त्या वेळी टाळावीत. माथ्यावरच्या छोट्या मंदिरालाही सुरक्षित आसरा समजू नये. गडगडाट ऐकू येण्याची वाट न पाहता ढग दाटू लागताच खाली उतरावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या परिसरातील विजांची सूचना देते, ते मोबाइलवर असू द्यावे. हाच विचार करून साम्रद येथील सांदण दरीतही ढगाळ दिवशी उतरू नये, कारण त्या अरुंद घळीत पाण्याचा लोंढा आला तर बाजूला होण्यास जागाच नसते.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात डोंगरउतारावर ठिकठिकाणी धूर दिसत होता. हे वणवे होते का आणि पाहणाऱ्याने काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण पाहिलेला सगळा धूर वणव्याचा असेलच असे नाही. पावसाळ्यापूर्वी भातशेतकरी रोपवाटिकेच्या तुकड्यावर शेण, झाडाचा टहाळ, वाळलेला पाला आणि गवत यांचे थर रचतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि तो राब भाजतात. या उष्णतेने तणाचे बी मरते, राख जमिनीला मिळते आणि पहिल्या पावसावर पेरलेली रोपे जोमाने वाढतात. राबाची आग शेताच्या मर्यादेत असते, वारा पडलेला पाहून लावलेली असते आणि तिच्याजवळ माणसे उभी असतात. टहाळासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात, हा या पद्धतीचा खरा तोटा आहे. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेसाठी भाताच्या तुसाची राख वापरतात, ती मला अधिक हिताची वाटते. तथापि ज्याच्या दाराशी तूस उपलब्ध नाही अशा डोंगरातील शेतकऱ्याला शहरातून आलेल्या प्रवाशाने दोष देणे मला योग्य वाटत नाही.

वणवा याहून अगदी निराळा असतो. त्याची रेषा वाळल्या गवतातून उताराने वर सरकत जाते आणि जवळ कोणी नसते. पक्ष्यांची जमिनीवरची घरटी, सरडे, नुकती फुटलेली रोपे आणि वर सांगितलेल्या काजव्यांच्या अळ्याही त्यात भाजून निघतात. विझवली नाही अशी शेकोटी किंवा भिरकावलेले विडीचे थोटूक एवढेही त्याला पुरते. अशी आग दिसल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर ठिकाण कळवावे, जवळच्या गावात सांगावे आणि स्वतः उताराच्या वरच्या बाजूला कधीही थांबू नये.

प्रश्न : करवंदे स्वतः तोडावीत की विकत घ्यावीत? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : विकत घ्यावीत. रस्त्यालगत पानांच्या द्रोणांत करवंदे, जांभळे घेऊन बसलेल्या बायका आणि मुले भल्या पहाटे काट्यांच्या जाळ्यांतून ती वेचून आणतात, त्यामुळे भाव पाडून मागू नये.

प्रश्न : पावसापूर्वी गावकऱ्यांची कामे आणि पाणीटंचाई असताना त्यांच्या घरी मुक्काम करणे म्हणजे त्यांना त्रास देणे नव्हे का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपला संकोच योग्य आहे. घाटघर, रतनवाडी परिसरात पावसाळ्यात प्रचंड पाऊस पडतो. पण बसाल्टचा कठीण खडक आणि मातीचा पातळ थर यांमुळे त्यातील फार थोडे पाणी मुरते आणि बाकीचे उताराने निघून जाते. भंडारदऱ्याचा जलाशय डोळ्यांसमोर असला, तरी प्रवरेवरील हे 1926 साली पूर्ण झालेले धरण मुख्यतः खालच्या भागातील कालव्यांसाठी आहे. मे महिन्यात वरच्या पाड्यांवरील बायकांना विहिरीच्या तळातून हंडे भरावे लागतात. त्याच दिवसांत छपरे शाकारणे, जळण आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचणे, बांध नीट करणे आणि बियाणे निवडणे ही कामे मृगापूर्वी उरकायची असतात. याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, यावरून बियाण्याच्या त्या निवडीचे मोल ध्यानात येईल.

असे असले तरी मुक्काम टाळू नये, कारण अनेक घरांना पावसाळ्याच्या भरणीसाठी या हंगामातील पाहुण्यांचे पैसे उपयोगी पडतात. दोन दिवस आधी फोन करून किती माणसे येणार ते कळवावे आणि ऐनवेळी संख्या वाढवू नये. नागलीची भाकरी, पिठले आणि ठेचा यांवर समाधान मानावे. निराळ्या पदार्थांची मागणी करू नये. पिण्याचे पाणी घोटी किंवा राजूर येथून भरून न्यावे, आंघोळ एका बादलीत उरकावी आणि घरधनिणीने सांगितलेली रक्कम निघताना तिच्याच हातात द्यावी.