ताशी ३२० की दर तासाला एक? वेगवान रेल्वेबद्दल गोव्यातील वाचकांचे प्रश्न

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिलेले दिसू लागले, तसे "आमच्याकडे कधी?" हे गोव्यात विचारले जाऊ लागले. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून त्यांची उत्तरे देत आहोत.

बुलेट ट्रेन आली तर मुंबई किती तासांवर येईल? आणि वंदे भारतसारख्या गाडीलाही आज पावणेआठ तास का लागतात? (म्हापसा)

मुंबई–मडगाव अंतर साधारण ५८० किलोमीटर. पावणेआठ तासांत ते कापायचे म्हणजे सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटर. गाडी १६०ने धावू शकते, पण कोकण रेल्वेवर सध्याची मर्यादा १२०ची आहे, त्यातही बहुतेक मार्ग एकेरी आणि मुंबईकडच्या टोकाला लोकलची गर्दी. रोहा ते वीर हा टप्पा दुहेरी झाला. त्याच्या पुढे समोरून येणाऱ्या गाडीसाठी कुठे ना कुठे थांबावेच लागते.

मुंबई–अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे. मोजके थांबे घेणाऱ्या गाडीला तिथे २ तास ७ मिनिटे लागतील, सगळ्या बारा स्थानकांवर थांबणारीला २ तास ५८ मिनिटे, असे आराखड्यातले वेळापत्रक आहे. त्याच दर्जाचा नवा मार्ग गोव्यापर्यंत बांधला तर अडीच ते तीन तास धरायला हरकत नाही. मात्र असा मार्ग मंजूर झालेला नाही, आणि अहमदाबाद मार्गाचा मूळ अंदाजच १ लाख ८ हजार कोटींचा होता, म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींहून अधिक.

आम्हाला याहून महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा. सरासरी ७५वरून १००वर नेली, तरी मडगाव पावणेसहा तासांच्या आसपास येते. त्यासाठी जपानी गाडी लागत नाही. दुहेरीकरण, 'कवच' ही सुरक्षा यंत्रणा आणि रुळांना कुंपण, एवढे झाले तरी दोन तास वाचतात.

बुलेट ट्रेन सध्याच्याच रुळांवरून का नेता येत नाही? (फोंडा)

एक कारण रुळांच्या रुंदीचे. आपले रूळ १६७६ मिलिमीटरचे, बुलेट ट्रेनचे १४३५चे. खरी अडचण मात्र वळणांची आहे. कोकण रेल्वेची आखणी करताना वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी ठेवायची नाही आणि मार्ग १६०च्या वेगाला पुरेल असा बांधायचा, असे ठरले होते. त्या काळी भारतात एवढा सरळ मार्ग डोंगराळ भागात कोणी आखत नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. पण वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की तोच आराम राखायला त्रिज्या चौपट लागते. १६०चे ३२० करायचे तर १२५० मीटरच्या जागी ५००० मीटर. सह्याद्रीच्या पायथ्याशी ५००० मीटरचे वळण म्हणजे जवळपास सरळ रेषा, आणि सरळ रेषा म्हणजे बोगदा, पूल, पुन्हा बोगदा. आताच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि त्यांतला सर्वांत लांब करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. नव्या मार्गावर ही लांबी कितीतरी वाढेल.

मी सावंतवाडीहून वेर्ण्याच्या कारखान्यात रोज ये-जा करतो. वेगवान गाडी आली तर माझा किती वेळ वाचेल? (सावंतवाडी)

बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून गोव्यात कामाला येणाऱ्यांची संख्या पाहता हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

सावंतवाडी रोड ते वेर्णा रेल्वेने सुमारे ६० किलोमीटर. कुठेही न थांबता ११०च्या वेगाने ३३ मिनिटे, १६०ने साडेबावीस. म्हणजे दहा मिनिटांची बचत. आता मडुरे, पेडणे, थिवी, करमळी असे चार थांबे घ्या. ११०वरून ब्रेक लावून थांबायला आणि पुन्हा तो वेग गाठायला साधारण एक मिनिट वाया जाते. १६०ला जवळपास दीड. प्रवासाची सुरुवात आणि शेवट धरून दोन मिनिटे तिथेच जातात. उरली आठ. आणि ३२०च्या गाडीची तर इथे गोष्टच नको: तिला पूर्ण वेग गाठायलाच पंधराएक किलोमीटर लागतात. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर. त्यात चार ठिकाणी थांबली तर ती तिच्या वेगाला क्वचितच पोहोचेल.

या आठ मिनिटांसमोर एक क्रॉसिंग ठेवा, म्हणजे एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडणे. तुमची पॅसेंजर स्थानकात शिरताना सांध्यांवरून (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडांवरून) ३०च्या वेगाने लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली जाते. ती पूर्ण आत आली याची खात्री होते, मग समोरच्या गाडीसाठी सांधे फिरवून सिग्नल दिला जातो. ती गाडी निघून गेल्यावर पुढच्या स्थानकाकडून 'लाइन क्लिअर', म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याचा होकार, घ्यायचा, पुन्हा सांधे, पुन्हा सिग्नल. समोरची गाडी वेळेवर असली तरी दहा मिनिटे सहज जातात. ती उशिरा असेल, किंवा मागून येणाऱ्या एक्स्प्रेसलाही पुढे सोडायचे असेल, तर वीस-पंचवीस. १६०च्या वेगाने कमावलेले सगळे एका लूपवर गमावले.

एकेरी मार्गावर गाड्या वाढवता का येत नाहीत, तेही याच हिशेबात दिसते. रेल्वेत मार्गाची क्षमता काढायचे एक जुने सूत्र आहे. दिवसाची १४४० मिनिटे घ्यायची. दोन स्थानकांमधल्या सर्वांत लांब टप्प्यात मंद गाडीला लागणारा वेळ आणि सिग्नलच्या कामाचा वेळ यांच्या बेरजेने त्यांना भागायचे, आणि उत्तराच्या ७० टक्के घ्यायचे. टप्प्याला १५ मिनिटे आणि सिग्नलला ५ धरली तर दिवसाला ५० गाड्या, दोन्ही दिशा मिळून. त्यात लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस, मालगाड्या, रो-रो (ट्रक वाहून नेणाऱ्या गाड्या) सगळे आले. सकाळी सात ते नऊमध्ये तुमच्यासाठी दर अर्ध्या तासाला लोकल काढायला जागाच उरत नाही. वर एखादी फार वेगवान गाडी घातली की तिच्यासाठी बाकीच्यांना आणखी थांबावे लागते. वेगांतली तफावत वाढली की क्षमता घटते.

राहिला घर ते स्थानक आणि स्थानक ते कामाची जागा हा भाग. सावंतवाडी रोड स्थानक मळगावला, शहरापासून सातआठ किलोमीटर. वेर्ण्याला उतरल्यावर औद्योगिक वसाहतीपर्यंत पायलट (दुचाकी टॅक्सी) किंवा कंपनीची बस. पणजीला जायचे तर करमळीहून अकरा-बारा किलोमीटर, म्हापशाला थिवीहून तेवढेच काहीसे. गाडीच्या वेळेला जुळणारी कदंबची (गोव्याच्या सरकारी बससेवेची) शटल फलाटाबाहेर उभी असेल तर वीस मिनिटे वाचतात, आणि त्याला एक इंचही नवा रूळ लागत नाही.

म्हणून मागणी करायची तर या क्रमाने करा: सावंतवाडी–मडगाव दरम्यान दुहेरीकरण, तोवर लूप लांब करणे आणि सांध्यांवरचा वेग वाढवणे, सकाळ-संध्याकाळ पाळीच्या वेळा धरून मेमू (कमी पल्ल्याची विजेवरची लोकल), प्रत्येक मेमूला जोडलेली बस. दिल्ली–मेरठची 'नमो भारत' हे याचे उत्तम उदाहरण आहे. ८२ किलोमीटरचा मार्ग, वेग १६०, स्थानके पाच-दहा किलोमीटरवर आणि गाडी दर काही मिनिटांनी. रोजच्या प्रवाशाला उपयोगी पडतो तो हा नमुना.

पासबद्दलही विचारले आहे. मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, पण वंदे भारत, तेजस, जनशताब्दी यांत चालत नाही. उद्या कोणतीही वेगवान सेवा जाहीर झाली तर पहिला प्रश्न पासचाच विचारा. स्पेनमध्ये १९९२ साली माद्रिद–सेव्हिया मार्ग सुरू झाला, तेव्हा माद्रिदपासून १७० किलोमीटरवरचे सिउदाद रेआल तासाभराच्या अंतरात आले. तिथून रोज ये-जा करणारे तयार झाले ते त्यांच्यासाठी वेगळ्या गाड्या आणि सवलतीचे पास ठेवले म्हणून. जपानमध्ये शिंकान्सेनचा (तिथल्या बुलेट ट्रेनचा) पास बरेचदा कंपनी भरते, कारण ठरावीक मर्यादेपर्यंत त्या भत्त्यावर कर लागत नाही.

बेंगळुरूकडे जाणारी गाडी घाटात इतकी रखडते. चढ फार म्हणूनच ना? (कुडचडे)

कुळे ते कॅसलरॉक घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे हजार मीटरला २७ मीटर. जड मालगाड्यांना मागून इंजिने लावावी लागतात ती यामुळेच. पण वेगवान गाडीला एवढा चढ जड नाही. पॅरिस–ल्याँ मार्गावर हजारी ३५ आणि कोलोन–फ्रँकफर्टवर ४०चे चढ आहेत. गाडी हलकी आणि शक्ती भरपूर असली की जमते. अडते ते तीव्र वळणांवर, आणि त्याहून अधिक जंगलावर. घाटातल्या दुहेरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये रद्द केली. मोले अभयारण्यातून जिथे दुसरा रूळ नेता आला नाही तिथे बुलेट ट्रेनचा मार्ग उघड्यावरून जाणे आम्हाला शक्य वाटत नाही, आणि जाऊही नये.

वेगवान गाडी आली तर आमच्या छोट्या स्थानकांचे काय? (बाळ्ळी)

ही भीती रास्त आहे. जपानमध्ये नवा शिंकान्सेन सुरू झाला की समांतर जुना मार्ग बऱ्याच ठिकाणी स्थानिक कंपन्यांकडे सोपवला गेला. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे उत्पन्न गेले, तिकीट महागले. फ्रान्समध्ये 'ओत-पिकार्दी' हे स्थानक दोन शहरांच्या मध्ये, दोन्हीपासून चाळीसेक किलोमीटरवर, बिटाच्या शेतात उभे आहे. मोटार नसलेल्याला त्याचा उपयोग नाही. गोव्यात एकच वेगवान स्थानक झाले तर ते मोपा विमानतळाजवळ की मडगावात, यावर बाकीच्या गावांचे भले ठरेल. जुन्या मार्गावरून एक्स्प्रेस कमी झाल्या तर मोकळी झालेली जागा लोकलसाठीच राखायची, असे लेखी घेतल्याशिवाय बाळ्ळी, लोलये, सुरावलीच्या लोकांनी होकार देऊ नये.

पावसाळ्यात अशी गाडी चालेल का? (डिचोली)

पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेचा वेग अनेक टप्प्यांत ४० ते ७५वर येतो. २०२३च्या पावसाळ्यात वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावली आणि तिला दहा तास लागत होते. हे २००३चा वैभववाडी आणि २००४चा करंजाडी अपघात यांतून शिकलेले शहाणपण आहे. धोका रुळांत नसून शेजारच्या कटिंगमध्ये (डोंगर कापून केलेल्या उभ्या कडेत) असतो. जांभ्याखालची माती पाणी प्यायली की वरचा दगड सुटतो. म्हणून जाळ्या, उतार कमी करणे, रात्रीची गस्त. पूल आणि खोल बोगदे यांवरून जाणाऱ्या नव्या मार्गाला कटिंगचा त्रास कमी, पण बोगद्यात पाणी येऊ शकते. जुलै २०२४मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी उसळून गाड्या वळवाव्या लागल्या होत्या.

थिवीला "बुलेट ट्रेन येणार" म्हणून दलाल प्लॉट विकतोय. घ्यावा का? शेजारी आमचे खाजन (खाडीकाठचे बांध घातलेले शेत) आहे, तेही जाईल का? (बार्देश)

केवळ त्या भरवशावर घेऊ नका. सर्वेक्षण म्हणजे प्रकल्प नव्हे. आधी सविस्तर आराखडा, मग केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, मग भूसंपादनाची अधिसूचना. रेल्वे कायद्याच्या कलम २०अ खाली अधिसूचना निघाली तर तीत सर्वे नंबर असतात. तीस दिवसांत हरकत नोंदवता येते आणि वर्षभरात पुढची घोषणा झाली नाही तर ती अधिसूचना रद्द ठरते. दलालाकडे अधिसूचनेची प्रत मागा. ती नसेल तर तो नुसता भाव वाढवतोय. प्लॉटसाठी एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा आणि नगर नियोजन खात्याचा झोनिंगचा दाखला स्वतः काढून पाहा.

खाजनाबद्दल: अहमदाबाद मार्ग बहुतांश खांबांवर आहे आणि त्याची पट्टी साडेसतरा मीटरची. मातीच्या भरावापेक्षा हे बरे, कारण भराव भरती-ओहोटीचे पाणी अडवतो आणि मऊ चिखलात वर्षानुवर्षे खचत राहतो. तरी खांबांच्या पायासाठी आणलेली यंत्रे, कच्चे रस्ते, तात्पुरते बांध यांनी मानशीकडे (भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराकडे) जाणारे पाणी एका हंगामासाठी जरी अडले, तरी खारे पाणी शेतात साचते. नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेच्या मार्गावरून गोव्यात आंदोलन झाले, त्यात खाजनांचा प्रश्न होताच. अशा वेळी हरकतीत "शेत वाचवा" एवढेच लिहून भागत नाही. मानस कुठे, बांध कुठे, भरतीचे पाणी कोणत्या चरीने येते, हे सर्वे नंबरसह नकाशावर दाखवा आणि कामाच्या काळात ती चर उघडी राहील अशी अट मागा. बांधाची देखभाल करणारा शेतकरी संघ असेल तर अर्ज त्याच्या नावे द्या.