सही फक्त तुझी लागते

(पुण्यात वसतिगृहात राहून दुसऱ्या वर्षाला शिकणारी, लातूर जिल्ह्यातली 21 वर्षांची वाचक लिहिते: शेवटची पाळी येऊन सात आठवडे झाले. घरगुती चाचणीत दोन रेघा आल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, "लग्न झालेलं नाही ना? मग आईवडिलांना घेऊन ये." मैत्रीण म्हणते, मेडिकलमधून गोळ्या आणून देते. त्या संबंधानंतर बहात्तर तासांत घ्यायच्या गोळ्याच ना? हा गुन्हा आहे का? पुढे मला मूल होईल ना? आईला सांगू का?)

प्रिय मुली,

गुन्हा नाही. आपल्याकडे 1971 पासून ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन फसल्याचं कारण लग्न न झालेली मुलगीही देऊ शकते. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. तू 18 पूर्ण केलेली आहेस, तेव्हा संमतीच्या फॉर्म सी वर सही फक्त तुझी लागते. आईवडिलांची नाही, त्या मुलाचीही नाही. कुटुंबाची संमती मागण्यासारख्या कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 च्या निकालात स्पष्ट म्हटलंय. तुझं नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्या डॉक्टरबाईंनी तुला परत पाठवलं याचा मला संताप येतो. घाबरलेली मुलगी तिथून उठते ती थेट मेडिकलच्या काउंटरवर जाते.

मैत्रिणीची माया खरी आहे, पण त्या गोळ्या तशा घेऊ नकोस. गोळ्यांनी होणारा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात. आधी सोनोग्राफी होते, कारण कधी कधी गर्भ पिशवीत नसून नळीत असतो. तिथे या गोळ्या चालत नाहीत आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. सोनोग्राफीच्या वेळी 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' अशा मजकुराखाली सही घेतात. ते पाहून दचकू नकोस, तो कागद सगळ्याच गरोदर बायकांकडून भरून घेतात. हिमोग्लोबिन आणि रक्तगटही तपासतील. गोळ्या घेतल्यावर पोटात कळा येतात, नेहमीच्या पाळीपेक्षा जास्त रक्त जातं. मात्र सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजले, ताप उतरेना किंवा चक्कर यायला लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

उद्याच सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात किंवा गर्भपाताची मान्यता असलेल्या खासगी रुग्णालयात जा. आधार कार्ड ने, शेवटच्या पाळीची तारीख लिहून ने आणि मैत्रिणीला सोबत ने. तिची खरी गरज तिथे आहे. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे तुझ्या हातात वेळ आहे, पण फार नाही.

मूल होईल. नीट केलेल्या गर्भपाताने पुढच्या गरोदरपणाला बाधा येत नाही. उलट दोनेक आठवड्यांतही पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून कंडोम, गर्भनिरोधक गोळ्या की तांबी, हे डॉक्टरांशी त्याच भेटीत बोलून घे. बहात्तर तासांत घ्यायची गोळी वेगळी. ती गर्भ राहू नये म्हणून असते, राहिलेला गर्भ तिने पडत नाही. तू या दोन्हींची गल्लत केली आहेस आणि त्यात तुझी चूक नाही. दहावीतला प्रजननाचा धडा बाईंनी "घरी वाचा" म्हणून उलटला, असं तूच लिहिलंयस. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 साली. त्यानंतर शंभर वर्षं उलटली, तरी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलीला हे मैत्रिणीकडून ऐकावं लागतं. तुमच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी, मुलामुलींना एकत्र बसवून, स्त्रीरोगतज्ज्ञाने हे शिकवायला हवं.

आता आई. सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे तूच ठरव. तिचा पहिला राग तुला झेपेल असं वाटत असेल तर सांग, तुला आधार होईल. आज ते बळ नसेल तर आधी उपचार होऊ दे. बारीक सारीक काही अडलं तर मला पुन्हा लिही, लगेच उत्तर देईन.

तुझी,
ताई