स्पिलव्हिलच्या चेक शाळेशी द्वोर्झाकचा काय संबंध होता?

संबंध थेट होता: अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल या खेड्यात संगीतकार अँटोनिन द्वोर्झाक १८९३ च्या उन्हाळ्यात राहायला गेला, तो तिथल्या शाळामास्तरांच्या घराण्यामुळेच. बोहेमियातून (आजच्या चेक देशातल्या एका प्रदेशातून) आलेल्या शेतकऱ्यांनी १८६० मध्ये सेंट वेन्सेस्लॉस चर्च बांधलं, मग त्याला जोडून शाळा काढली. मास्तर होते यान योसेफ कोवार्झिक. युरोपातल्या चेक खेड्यांत शाळेचा मास्तर हाच चर्चमधल्या गायकांचा प्रमुख असायचा. कोवार्झिकही मुलांना शिकवत आणि चर्चचं संगीतही सांभाळत. त्यांचा मुलगा योसेफ प्रागला संगीत शिकायला गेला, पुढे न्यूयॉर्कमध्ये द्वोर्झाकचा मदतनीस झाला आणि त्यानेच सुट्टीसाठी आपलं गाव सुचवलं. द्वोर्झाक ५ जूनला पोचला आणि २३ जूनपर्यंत त्याची 'अमेरिकन' म्हणून ओळखली जाणारी चौकडी, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना (ओपस, म्हणजे रचना क्रमांक, ९६) लिहून पूर्ण! ती पहिल्यांदा वाजली घरगुती बैठकीत: पहिलं व्हायोलिन स्वतः द्वोर्झाक, दुसरं मास्तर, व्हियोला त्यांची मुलगी, चेलो मुलगा. गावमास्तराच्या घरात एवढी अवघड रचना वाजवू शकणारे तिघं होते, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र द्वोर्झाकने त्या शाळेत शिकवलं, असं समजू नका; तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. शिवाय गावही सगळं चेकांनी वसवलेलं नाही, त्याचं नाव स्पीलमन या जर्मन संस्थापकावरून पडलंय.