पणजीच्या कपाटात सापडलेली नक्षीची चंदनी डबी कसली असावी?

तळहाताएवढी चपटी डबी, झाकण वर उपसून काढायचं, अंगभर हिरवे-पांढरे-काळे तारे. तुमच्या वर्णनावरून ही सादेली कामाची, म्हणजे लाकूड-हस्तिदंताचे बारीक तुकडे जुळवून केलेल्या नक्षीची, व्हिजिटिंग कार्डं ठेवायची डबी वाटते. एकोणिसाव्या शतकात सुरत आणि मुंबईतल्या कारागिरांनी, त्यात पारशी बरेच, साहेबांसाठी अशा डब्या केल्या. ही कला इराणच्या शिराझहून आली असं मानतात.

तुम्ही विचारलंय, एवढे बारीक तारे कुणी हाताने एकेक बसवले का? नाही, आणि खरं कसब तिथेच आहे. हस्तिदंत, आबनूस, पतंग नावाच्या झाडाचं लालसर लाकूड, हिरवं रंगवलेलं हाड आणि कथील यांच्या बारीक त्रिकोणी कांड्या करून सरसाने चिकटवायच्या आणि जुडी बांधायची. तारा जुडीच्या टोकाला दिसतो. मग ती आडवी कापत जायची, जेमतेम मिलिमीटरभर जाड. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक चकतीत तीच वळणं दिसतात, तसं. कांडीचा कोन जरा चुकला तर जुडीत फट राहते आणि ती प्रत्येक कापात उतरते. म्हणून मी अशी डबी हातात आली की आधी ताऱ्यांची टोकं जुळतात का ते पाहतो. हे काप चंदनाच्या डबीवर चिकटवून घासून सपाट करत.

तुमची डबी भिंगाखाली धरा. पांढऱ्या भागात बारीक काळपट ठिपके किंवा रेघा असतील तर ते हाड. छापील नक्षीत तुकड्यांचे सांधेच दिसणार नाहीत.

पाणी, तेल, पॉलिश काहीही लावू नका. आपल्या पावसाळ्यात चंदन फुगतं, सरस ओलीने सुटतो. निखळलेले तुकडे कागदी पाकिटात जपा, फेव्हिकॉलने तर मुळीच चिकटवू नका. पुढे नीट दुरुस्ती करणाऱ्याला ते सोडवता येत नाही. त्या काळच्या मुंबईतली कारागिरी बघायची तर राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय आहेच. ते १८७२ साली सुरू झालं.

आणि चोर बाजारात कुणी कितीही भाव दिला तरी विकू नका. वस्तू जुनी असली तरी हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. घरात ठेवण्यासाठी काय कागद लागतात ते वनखात्यात विचारून घ्या.