वाचक विचारतात: गुलाबी तळी पांढरी कशी?

प्रश्न: मार्चमध्ये मेलबर्नहून मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानातली गुलाबी तळी पाहायला गेलो. तळी पांढरीफटक, फोटोही फिके. काय चुकलं?

उत्तर: महिना चुकला. हा रंग डुनालिएला सलाइना शैवालातल्या बीटा-कॅरोटिन या लालसर-नारिंगी रंगद्रव्याचा. तिकडचा उन्हाळा सरता सरता पाणी आटतं आणि काळ्या चिखलावर मिठाचा थर उरतो. पाऊस होऊन तळ्यांत पाणी साचलं की जा, मात्र लिंगा गावाहून उत्तरेला जाणारा कच्चा रस्ता ओला असताना साधी गाडी घालू नका, रुतते. पिण्याचं पाणी माणशी रोज 5 लिटर न्या, पेट्रोल वाटेतल्या ओयेन गावात भरून घ्या.

भर दुपारी पाण्यात आकाशच चकाकतं आणि गुलाबी धुऊन जातं. सकाळी लवकर, संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत त्यांतल्याच क्रॉस्बी तळ्याकाठी उभे राहा. व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा गुलाबी छटाच ‘दुरुस्त’ करून टाकतो. डेलाइट ठेवा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) घ्या. हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाचा आलेख) लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला आपटत असेल तर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश) अर्धा स्टॉप, म्हणजे अर्धी पायरी, कमी करा. पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) फिरवून पाहा, चकाकी घटते. मिठाच्या थरावर मात्र चालू नका. खालचा चिखल पाय सोडत नाही. ट्रायपॉडचे पाय त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.