आयन पंपाचा स्विच बंद केल्यावर हाय व्होल्टेजची केबल लगेच काढली तर चालते का?

नाही, अजिबात नाही. कॉलेजला जुना स्पटर आयन पंप (हाय व्होल्टेज आणि मॅग्नेट वापरून बंद भांड्यात व्हॅक्यूम करणारा पंप) आणि त्याला व्होल्टेज देणारा कंट्रोलर मिळालाय, आणि स्विच बंद केला की मुलं लगेच केबल ओढून काढतात, असं तुम्ही लिहिलंय. हे आजच थांबवा.

या पंपाला साधारण ३ ते ७ हजार व्होल्ट डीसी लागतं. स्विच बंद केला तरी कंट्रोलरमधले कपॅसिटर आणि केबल चार्ज धरून ठेवतात. आधी मेनचा प्लग काढा, मीटर शून्यावर येऊ द्या, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. कनेक्टर काढल्यावर केबलची पिन आणि पंपाची पिन, दोन्हींना अर्थिंग रॉड (उरलेला चार्ज अर्थमध्ये उतरवणारा, इन्सुलेटेड मुठीचा दांडा) लावा. रॉडच्या वायरचं टोक आधी अर्थला घट्ट जोडायचं, रॉड पिनला नंतर लावायचा. हा क्रम उलटा कधीच करू नका.

आणि ‘आमच्याकडे आरसीसीबी (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) आहे’ या भरवशावर राहू नका. तो मेनच्या बाजूची गळती बघतो. हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे तयार होतं, तिथला शॉक त्याला कळतच नाही.

मला खरी काळजी वाटते ती अर्थिंगची. बऱ्याच ठिकाणी पंपाच्या बॉडीला अर्थ मिळतो तो फक्त हाय व्होल्टेज केबलच्या शील्डमधून, म्हणजे वायरभोवतीच्या धातूच्या जाळीतून. शील्ड सैल झाली की बॉडीवर करंट उतरू शकतो. म्हणून फ्लँजच्या (पंप चेंबरला जोडणाऱ्या धातूच्या कड्याच्या) बोल्टपासून अर्थच्या पट्टीपर्यंत तांब्याची जाड वेणी स्वतंत्र टाका, बोल्टखालचा रंग खरवडून. इंदूरचेच आहात, वेणीसाठी महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानांत चौकशी करा.

चेंबरचंही, म्हणजे पंप ज्यात व्हॅक्यूम करतो त्या भांड्याचंही, तेच. पंप जास्त दाबाला सुरू केला तर आतला जांभळा डिस्चार्ज चेंबरमध्ये पसरतो आणि अर्थ नसलेल्या धातूच्या तुकड्याला, फीडथ्रूच्या (वायर चेंबरच्या आत नेणाऱ्या हवाबंद जोडणीच्या) पिनला धोकादायक व्होल्टेज येऊ शकतं. त्या पिनला एखाद्या मुलाने थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) वायर जोडलेली असते आणि ती त्याच्या हातात असते! चेंबरच्या जोडणीत मध्ये काचेचा किंवा सिरॅमिकचा तुकडा असेल तर पलीकडचा भाग वेगळा अर्थ करा. रिकाम्या पिनांवर अर्थ केलेली धातूची टोपी बसवा. सगळं बंद असताना प्रत्येक भाग मल्टिमीटरने तपासा, अर्थपर्यंत एक ओहमच्या आत यायला हवं. आणि टर्बो पंपाने (आयन पंपाच्या आधी हवा काढणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या पंपाने) ‘मायनस फाइव्ह’ रेंज, म्हणजे मिलिबारचा लाखावा भाग गाठल्याशिवाय आयन पंप सुरूच करू नका.

आपल्याकडची एक गोष्ट विसरली जाते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात इलेक्ट्रोडला नीट धरत नाही. पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात ढिलं पडतं. खड्ड्यात पाणी घाला आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थचा रेझिस्टन्स मे महिन्यातच मोजून घ्या.

पंपाचे मॅग्नेट जबर असतात. पेसमेकर असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका.

नव्या कंट्रोलरमध्ये कनेक्टर निघाला की हाय व्होल्टेज आपोआप तुटतं, जुन्यांत बरेचदा ही सोय नसते. मॉडेल नंबर आणि कनेक्टरचा फोटो टाका, बघून सांगतो. तोपर्यंत पंप चालू करू नका.